शेतीच्या तासाला वाचन-लेखनाची जोड

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खापरी ओलांडले की आज जे दृश्य दिसते, ते पंचवीस वर्षांपूर्वी कोणी वर्णन करून सांगितले असते तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसला नसता. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली आणि मिहान हा शब्द येथील लोकांच्या बोलण्यात आला. शिवणगाव, दहेगाव, कलकुही, तेल्हारा, सुमठाणा, खापरी या गावांची नावे शेतसाऱ्याच्या कागदांतून निघून प्रकल्पाच्या नकाशांत गेली. पुढे कारखाने आले, संगणक कंपन्या आल्या, दहेगावच्या शिवारात व्यवस्थापन शिकविणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, ११ डिसेंबर २०२२ रोजी एम्सच्या वास्तूचे लोकार्पण झाले. ज्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन उभे असे, तेथे आता रुंद रस्ते आणि दिव्यांचे खांब आहेत.

अशा ठिकाणी शेतीच्या शिक्षणावर व्याख्यान ठेवणे काहींना विसंगत वाटेल. शेतीच गेली, आता मुलांनी शेती शिकून काय करावे, हा प्रश्न या पंचक्रोशीतील पालक उघडपणे विचारतात, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु जमीन जाते त्या प्रसंगी शेतकऱ्याच्या हाती नेमके काय येते, याचा विचार केला म्हणजे आजच्या विषयाचे महत्त्व ध्यानात येते. त्याच्या हाती कागद येतो. प्रथम अधिसूचनेचा, मग नोटिशीचा, मग संयुक्त मोजणीचा, मग निवाड्याचा आणि शेवटी पावतीचा.

येथील बरेचसे भूसंपादन ज्या वर्षांत झाले, त्या काळी १८९४ चा भूसंपादन कायदा अमलात होता. नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जुन्या कायद्यातील एक तरतूद शेतीच्या प्रत्येक शिक्षकाने समजून घेण्यासारखी आहे. निवाड्यात ठरलेली रक्कम कमी वाटत असेल, तर कलम १८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते प्रकरण न्यायालयाकडे पाठवून घेता येत असे. मात्र त्याला दोन अटी होत्या. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने सहा आठवड्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. हजर नसलेल्यासाठी नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. आणि दुसरी अट अशी की, रक्कम स्वीकारताना हरकत नोंदविलेली असली पाहिजे. ज्याने मुकाट्याने सही करून रक्कम घेतली, त्याचा वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करण्याचा हक्क तेथेच संपला. ‘अंडर प्रोटेस्ट’ किंवा ‘हक्क राखून’ एवढे दोन शब्द सहीशेजारी लिहिणे किंवा न लिहिणे, यावर एका कुटुंबाचे पुढील सारे आयुष्य अवलंबून राहू शकत होते.

आता हे शब्द शाळेत कोणत्या विषयाच्या तासाला शिकवावयाचे? मराठीचे शिक्षक म्हणतील, हा कायद्याचा भाग आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संसद आणि ग्रामपंचायत असते. निवाड्याची पावती नसते. शेतीचे शिक्षक म्हणतील, त्यांचे काम बियाणे, खत आणि मशागत यांपुरते. याप्रमाणे सर्वांच्या अंगणातून निसटून हा विषय कुंपणाबाहेर पडतो, आणि मुलगा दहावी उत्तीर्ण होऊनही वडिलांच्या सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे हे सांगू शकत नाही. त्याला वाचता येत नाही असे नव्हे. अक्षरे सारी लागतात. परंतु अर्थ लागत नाही. अक्षरओळख आणि साक्षरता यांतील हे अंतर शेतीच्या तासालाच भरून काढता येईल, कारण ज्या मजकुराचा अर्थ लागत नाही तो मजकूर शेतीचा आहे.

हा विचार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात खेड्यातील प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम कसा असावा हे सांगितले आहे. मोडी व बाळबोध लिपींचे वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, आणि त्यांच्याच जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान. शिवाय शाळेला जोडून एक लहानसे नमुना शेत असावे, म्हणजे प्रत्यक्ष शिक्षण देता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. लिपी, हिशेब आणि शेती ही तिन्ही एकाच मांडणीत यावीत, हे अर्थपूर्ण आहे. विशेषतः मोडीचा आग्रह का, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळचे दस्तऐवज, कर्जरोखे आणि सावकाराच्या वह्या मोडीत असत. शेतकऱ्याची जमीन ज्या लिपीत त्याच्या हातून जात होती, ती लिपी त्याच्या मुलाला यावी, हा त्यामागचा रोख होता. पुढच्याच वर्षी त्यांनी सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही कचेरीतील कागदापुढे हतबल होणारा अक्षरशून्य शेतकरी पानोपानी भेटतो. आज मोडीची जागा शासकीय मराठीने घेतली आहे. ‘सबब’, ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘पोटखराबा’, ‘भोगवटादार वर्ग २’ ही आजची मोडीच होय. लिपी बाळबोध असल्यामुळे ती वाचता येते असा भ्रम मात्र होतो.

विदर्भाच्या भूमीत या दिशेने झालेले दोन प्रयत्न येथे आठवणे उचित होईल. १९३७ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. ज्या गावात शाळा नाही तेथे दानातून जमीन मिळवावयाची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक यांचा खर्च भागवावयाचा, अशी तिची कल्पना होती. नावावरून मुस्लिम लीगने विरोध केला, १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. पण तिच्यात मुळातच एक उणीव होती असे म्हणावे लागते. जमिनीकडे तिने प्रामुख्याने उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले. शाळेचे शेत हे शाळेचे पाठ्यपुस्तकही होऊ शकते, हा विचार त्या मानाने मागे राहिला.

दुसरा प्रयत्न याच वर्धा मार्गाच्या दुसऱ्या टोकाचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्राम येथे आर्यनायकम दांपत्याने नयी तालीमचा प्रयोग चालविला. सूतकताई, सुतारकाम, शेती अशा एखाद्या उद्योगाभोवती भाषा, गणित व विज्ञान यांची गुंफण करावयाची, याला समवाय पद्धती म्हणत. आजच्या विषयाचे खरे पूर्वज समवायच होय. त्याचे पुढे काय झाले हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जेथे शिक्षक कल्पक होता तेथे समवाय जिवंत राहिला. अन्यत्र प्रत्येक धडा ओढूनताणून टकळीला बांधण्याची कसरत सुरू झाली. कापसावरून मिसर देशाचा भूगोल आणि तेथून पिरॅमिड, असा प्रवास होऊ लागला. मुलांना त्यातील कृत्रिमता कळते. शेतीच्या तासाला वाचन आणावयाचे ते केवळ शेतीवरचा निबंध किंवा पावसावरची कविता वाचून घेण्यासाठी नव्हे. शेतात उभे राहून जो मजकूर वाचल्यावाचून काम अडते, तो मजकूर तेथे आणावयाचा आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव या व्यासपीठावरून घेताना विशेष आनंद वाटावा असे आहे. कुंभोजच्या एका जैन शेतकरी घराण्यात १८८७ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, शेतात राबत आणि त्या श्रमावर शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र तेथून महाराष्ट्रभर गेले. त्यापुढचा टप्पा १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्री. श्री. कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापून गाठला. शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य या चार अंगांची प्रत्यक्ष कामे माध्यमिक शाळेतील मुलांनी करावीत, आणि त्या कामांचा खर्च, मोजमाप व अहवाल त्यांनीच लिहावा, ही त्यांची रीत. परदेशातही हा विचार स्वतंत्रपणे रुजला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात रूफस स्टिमसन यांनी १९०८ च्या सुमारास कृषिशाळेतील मुलांना घरच्या शेतावर स्वतःचा एक उपक्रम चालवावयास लावला आणि त्याची नोंदवही ठेवणे सक्तीचे केले. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने ही पद्धत त्या देशभर नेली. तेथील कृषिशाळांत आजही नोंदवही टिकून आहे.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू या. पहिली अडचण भाषेचीच आहे. नागपूर-वर्ध्याकडील मूल घरी डवरणी म्हणते. पुस्तकात ‘आंतरमशागत’ असते, आणि पुण्याकडच्या लेखकाने लिहिलेले असेल तर ‘कोळपणी’. घरी निंदण, पुस्तकात ‘खुरपणी’ किंवा ‘तणनियंत्रण’. घरी धुरा, पुस्तकात बांध. घरी कुटार, पुस्तकात ‘पीक अवशेष’. ज्या विषयात हे मूल वर्गात सर्वांहून जाणते ठरावे, त्याच विषयात ते अपरिचित शब्दांमुळे अडाणी ठरते. शेतीच्या शिक्षकाने भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावावा. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातील. तक्ता मुलांनी भरावा, आजी-आजोबांना विचारून भरावा. घरचा शब्द चुकीचा आणि छापील शब्द बरोबर, असा भाव मात्र त्यात येऊ देऊ नये. ‘वाफसा’ या एका शब्दात जमिनीतील ओल, हवा आणि मशागतीची योग्य वेळ यांचे जे ज्ञान साठलेले आहे, ते पुस्तकी भाषेत सांगावयास चार ओळी लागतात.

दुसरी गोष्ट कीटकनाशकाच्या लेबलची, आणि येथे थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि कित्येक शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक डब्यावर उभ्या शंकरपाळ्यासारख्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा तुलनेने सौम्य. सोबत घडीपत्रिका असते. पीक कोणते, कीड कोणती, मात्रा किती, पाणी किती, फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर, विषबाधेची लक्षणे कोणती, उतारा कोणता, हे सारे तीत प्रादेशिक भाषेतही छापणे बंधनकारक आहे. मग एवढे सारे छापलेले असताना अनर्थ का होतो?

घडीपत्रिका एकदा उघडून पाहिली की उत्तराचा काही भाग मिळतो. अक्षर मुंगीएवढे. तक्त्यात ‘सक्रिय घटक’ आणि ‘तयार औषध’ असे दोन आकडे शेजारी-शेजारी. एकाच्या जागी दुसरा वाचला की मात्रा भलतीच होते. सारे आकडे हेक्टरी, तर शेतकऱ्याचे मन एकरात चालते आणि हातात पंधरा लिटरचा पंप असतो. उदाहरणादाखल, पत्रिकेत हेक्टरी एक लिटर औषध पाचशे लिटर पाण्यात असे म्हटले असेल, तर एका लिटर पाण्याला दोन मिलिलिटर आणि पंधरा लिटरच्या पंपाला तीस मिलिलिटर होतात. एकराला सुमारे चारशे. आठवीच्या मुलाला हे त्रैराशिक येते. गणिताच्या पुस्तकात ते पेन्सिली आणि आंब्यांवर सोडविले जाते, येथे ते जिवाशी निगडित आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाने कमी पाण्यात फवारणी होते, त्यामुळे हिशेब पुन्हा बदलतो, हेही त्याच तासाला यावे.

तथापि, वाचता आले असते तर ते सारे वाचले असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांनी प्राण गमावले त्यांत मजूर होते. मजुराच्या हाती डबा येतच नाही. त्याच्यापुढे कालवलेली बादली येते. लेबल वाचणारा एक आणि फवारा अंगावर घेणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. म्हणून शेतीच्या तासाला मोठ्याने वाचणे हे कौशल्य शिकविले पाहिजे. मुलाने किंवा मुलीने ती पत्रिका घरी, धुऱ्यावर, मजुरांसमोर उभे राहून मोठ्याने वाचावी. अवघड शब्दाला घरचा शब्द योजावा. आणि ऐकणाऱ्याला काय समजले हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. वाचून दाखविणे ही आपल्याकडे ग्रंथवाचनाची जुनी परंपरा आहेच. हातमोजे, तोंडावरचे आच्छादन, वाऱ्याची दिशा, भर उन्हात फवारणी टाळणे यांची जागा साक्षरता घेऊ शकत नाही, हेही बजावून सांगितले पाहिजे. एक सूचना शिक्षकांसाठी: रिकामे डबे कोणत्याही परिस्थितीत शाळेत आणू नयेत. घडीपत्रिकेच्या मोठ्या केलेल्या छायाप्रती पुरेशा आहेत.

बियाण्याच्या पाकिटाची कथा अशीच आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बीटी नसलेल्या बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी येई. ती शेताच्या कडेने लावावी, म्हणजे बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर वाढणार नाही, असे सोबतच्या पत्रकात सांगितलेले असे. बहुसंख्य शेतांत ती पुडी लावली गेली नाही. कडेच्या ओळींत उत्पन्न कमी येईल ही भीती होतीच, पण ती पुडी कशासाठी आहे हेच अनेकांना उमगले नव्हते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची जी दैना केली, तिच्या अनेक कारणांत तज्ज्ञ याचीही गणना करतात. पुढे हे बियाणे मूळ पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. म्हणजे लोक वाचत नाहीत हे गृहीत धरून मार्ग काढण्यात आला. व्यवहार म्हणून ते योग्यच झाले, परंतु शिक्षणक्षेत्राला ते भूषणावह नाही.

मिहानच्या अगदी जवळ, वर्धा मार्गालगत पांजरी येथे केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. कपाशीच्या शेतातील कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळले, अथवा दहा टक्के फुले किंवा हिरवी बोंडे किडलेली दिसली, तर गुलाबी बोंडअळीवर उपाय योजावा, अशी शिफारस प्रचलित आहे. हे एक वाक्य शेतीच्या तासाला पंधरा मिनिटे चालावे. ‘सलग’ म्हणजे काय? सोमवारी नऊ, मंगळवारी चार आणि बुधवारी दहा आढळले तर फवारावे का? ‘प्रति सापळा’ आणि ‘एकूण’ यांत फरक कोणता? पाच सापळ्यांत मिळून आठ पतंग आले, तर ते अट पूर्ण करतात का? ‘अथवा’च्या जागी ‘आणि’ असते तर निर्णय कसा बदलला असता? व्याकरणाच्या तासाला अव्यये पाठ करून जे साधत नाही, ते येथे सहज साधते, कारण चुकीच्या अर्थाला औषधाचा खर्च जोडलेला असतो.

हवामानाच्या वृत्तातही शब्दांना असेच वजन आहे. ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस म्हणजे त्या विभागातील जास्तीत जास्त एक-चतुर्थांश केंद्रांवर. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीन-चतुर्थांशांहून अधिक. ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे ऐकून जो पेरणी उरकतो आणि मग वेधशाळेला दोष देतो, त्याची चूक वाचनाची आहे.

मृदा आरोग्य पत्रिकेविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, २०१५ पासून मिळणाऱ्या या कागदावर बारा घटकांचे निष्कर्ष असतात, आणि अनेक घरांत तो देवघरातील पंचांगाशेजारी तसाच अडकवलेला आढळतो. त्यावरून पिकाला हेक्टरी शंभर किलो नत्र द्यावयाचे ठरले, तर युरियात नत्र ४६ टक्के असल्याने युरिया सुमारे २१७ किलो लागेल, म्हणजे ४५ किलोच्या पाच गोण्यांना थोडा कमी. एवढे गणित घातले की पत्रिका बोलू लागते.

वाचनाइतकेच लेखनाचेही आहे. बियाणे उगवले नाही तर तक्रार कोणाकडे आणि कशी करावयाची? तालुका कृषी अधिकाऱ्यांना लिहावयाच्या अर्जात वाण, गट क्रमांक, खरेदीची तारीख, पेरणीची तारीख, पेरलेले क्षेत्र आणि उगवणीचे प्रमाण एवढे आले पाहिजे. सोबत पावती, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवलेले असले पाहिजे. पीक विम्यात गारपीट किंवा शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीची सूचना बहात्तर तासांत द्यावयाची असे. शाळेत मुले मामाच्या गावाला जाण्यासाठी रजेचा अर्ज लिहितात, आजारी मित्राला पत्र लिहितात. त्यांनी उगवण न झालेल्या सोयाबीनचा अर्ज एकदा तरी लिहून पाहावा. ‘शेताचे अतोनात नुकसान झाले, तरी कृपा करावी’ असा अर्ज आणि ‘गट क्रमांक अमुक, क्षेत्र ०.८१ हेक्टर, पेरणी अमुक तारखेस, दहा ठिकाणी एक-एक मीटर ओळीत मोजलेली रोपे इतकी’ असा अर्ज, यांतील कोणता कचेरीत अधिक टिकेल, यावर वर्गात चर्चा घडवून आणावी.

या साऱ्यास शेतीचे शिक्षकच सर्वप्रथम आक्षेप घेतात. आठवड्याला तास मोजके. त्यात मुलांना शेतात न्यावे की कागद वाचत बसवावे? आक्षेप रास्त आहे. शेतीचा तास हा आणखी एक मराठीचा तास झाला, तर ज्या मुलाला हाताने काम करण्यात आनंद आहे त्याचा शाळेतील शेवटचा आधारही जाईल. म्हणून क्रम उलटा ठेवावयाचा. आधी शेत, मग कागद, पुन्हा शेत. पाच मिनिटे पत्रिका वाचून सापळ्याजवळ जावे, पतंग मोजावेत, जागेवरच नोंदवावेत. मराठीचे व शेतीचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसले, तरी पुष्कळ काम होण्यासारखे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख करून देण्याचे म्हटले आहेच. वेळापत्रकात जागा मागण्यास तेवढा आधार पुरे.

राहिला पालकांचा प्रश्न. ज्यांची जमीन मिहानमध्ये गेली, त्यांच्या मुलांनी हे का शिकावे? एक तर संपादन हा एका दिवसात मिटणारा व्यवहार नसतो. मोजणी, वाढीव मोबदला, वारसांच्या नोंदी, पुनर्वसनातील भूखंड यांचे कागद पुढच्या पिढीपर्यंत चालतात. संयुक्त मोजणीच्या पत्रकात विहीर आणि संत्र्याची झाडे नोंदली गेली आहेत की नाहीत, हे सहीपूर्वी पाहण्याचे भान ज्या घरात असते, त्या घराची बाजू अधिक भक्कम राहते. फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घ्यावयाची असते, हे ज्या मुलीला ठाऊक आहे, ती भावाइतक्याच हक्काने वडिलांच्या सातबाऱ्यावर स्वतःचे नाव शोधील. आणि दुसरे असे की, मोबदल्याच्या पैशातून अनेकांनी दूर कोठेतरी पुन्हा शेतजमीनच घेतली. नव्या गावची माती वेगळी आणि शेजारी अनोळखी. तेथे वडिलोपार्जित अनुभव अपुरा पडतो, तेव्हा माती परीक्षणाचा अहवाल आणि विद्यापीठाची शिफारस वाचूनच चालावे लागते.

या परिसरातील शाळांनी आरंभ करावयाचा झाल्यास शेतनोंदवहीपासून करावा. शंभर पानी साधी वही पुरे. घरचे शेत असेल तर त्याचा एक तुकडा, नसेल तर शाळेच्या आवारातील एक वाफा, तोही नसेल तर एका शेजाऱ्याचे शेत. तारीख, पाऊस, केलेले काम, लागलेले मजूर, झालेला खर्च, दिसलेली कीड, विचारलेला सल्ला आणि तो कोणी दिला. शेवटचा रकाना ‘पुढच्या वर्षी काय बदलावे’ याचा. हा रकाना शिक्षकांनी लाल शाईने तपासू नये. यात एक व्यावहारिक अडचण आहे. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि तोवर पाऊस वेळेवर आला असेल तर पुष्कळ शेतांत पेरणी उरकलेली असते. बियाण्याची पिशवी फाडली जाते, लेबल उकिरड्यावर जाते, पावती खिशात भिजते, ते नेमके याच दिवसांत. तेव्हा वह्या एप्रिलमध्ये, सुटी लागण्यापूर्वीच वाटाव्या लागतील, आणि पहिली सात-आठ पाने मुलांना घरीच, शिक्षकांवाचून भरावी लागतील.